लाकडी खांब ओळंब्यात ठोकायचा कसा : ट्रॅक्टरच्या रॅमरवर काम करणाऱ्यांसाठी

कुंपणाचा खांब वाकडा जातो तो पहिल्या फुटातच. पुढचे सगळे ठोके त्याला त्याच वाकड्या वाटेने आणखी खोल नेतात. रॅमरवर, म्हणजे खांबावर घण पाडणाऱ्या यंत्रावर, नव्याने उभा राहिलेला माणूस घणाच्या वजनावर भरवसा ठेवतो, त्याला वाटते की एवढे ओझे वरून पडतेय म्हणजे खांब सरळच जाणार. घण खांबाला फक्त खाली नेतो. सरळ नेण्याचे काम ठोकणाऱ्याच्या डोळ्यांचे आणि सावकाशीचे आहे. हा लेख त्या पहिल्या फुटासाठी लिहिला आहे, बाकीचे त्याच्या अनुषंगाने.

मी लिहितोय ते न्यूझीलंडच्या पद्धतीवरून. मेंढ्या आणि दुभत्या गाईंच्या या देशात तारेचे कुंपण हे शेतीतले रोजचे काम आहे आणि लाकडी खांब जवळजवळ सगळीकडे यंत्रानेच ठोकले जातात. इथे या यंत्राला पोस्ट रॅमर म्हणतात. इथल्या डेअरी फार्मवर भारतातून आलेले बरेच जण काम करतात, त्यांत मराठीही आहेत. दूध काढणे आणि वासरे सांभाळणे त्यांना लवकर जमते, पण एक दिवस मालक म्हणतो, "मागच्या पॅडकचे (चराऊ तुकड्याचे) कुंपण बदलायचे आहे," आणि रॅमरच्या लीव्हरसमोर उभे करतो. त्या दिवशी हाताशी असावे म्हणून हे सगळे.

खड्डा न काढता ठोकायचा कशासाठी

खड्डा खणून खांब पुरला की भोवतीची माती मोकळी होते. ती कितीही धुमसली तरी मूळच्या जमिनीइतकी घट्ट व्हायला वर्षे जातात. ठोकलेल्या खांबाचे उलटे असते. १२५ मिमी जाडीचा खांब ७० सेंटिमीटर खोल गेला की साडेआठ लिटरच्या आसपास मातीची जागा तो घेतो. ती माती वर येत नाही, बाजूला दाबली जाते आणि खांबालाच आवळून धरते. म्हणून ठोकलेला खांब त्याच दिवशी तार पेलायला तयार असतो.

पण हाच गुण चुकीच्या वेळी अडचण होतो. खड्ड्यातला खांब तिरका वाटला तर हाताने ढकलून सरळ करता येतो. ठोकलेला खांब एकदा ४० सेंटिमीटर गेला की माती त्याला सोडत नाही. तुम्ही मास्टने, म्हणजे घण ज्याच्यावरून वर-खाली जातो त्या उभ्या खांबाने, त्याला ओढाल, तो वाकेल, सरळ दिसेल, आणि घण उचलताच परत मूळच्या जागी जाईल. जास्त ओढलात तर एका बाजूला फट पडेल, तिच्यात पाणी साचेल आणि पहिल्या हिवाळ्यात तो हलू लागेल.

खांब निवडताना

इथले खांब रेडिएटा पाइनचे असतात आणि त्यांना दाबाखाली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक असलेले औषध मुरवलेले असते. जमिनीत जाणाऱ्या लाकडासाठी एच-४ हा दर्जा लागतो. तो शिक्का किंवा चिठ्ठी पाहिल्याशिवाय खांब ट्रेलरमध्ये चढवू नका. मधल्या खांबाची नेहमीची लांबी १.८ मीटर. त्यातले ६० ते ७० सेंटिमीटर जमिनीत आणि उरलेले वर. कोपऱ्याचे आणि टोकाचे खांब, ज्यांना स्ट्रेनर म्हणतात, ते २.१ किंवा २.४ मीटर लांब आणि बरेच जाड असतात, कारण सगळ्या तारांचा ताण शेवटी त्यांच्यावर येतो.

ठोकण्यापूर्वी प्रत्येक खांबावर नजर फिरवा. यात जाणारा वेळ पुढे दुपटीने वाचतो.

आधी टोक पाहा. खांब शेंड्याकडून, म्हणजे बारीक बाजूने, खाली जातो आणि कारखान्यात तासलेले टोक त्याच बाजूला असते. टोक खांबाच्या मध्यरेषेवर हवे. एका बाजूनेच तासलेले टोक जमिनीत त्या उताराच्या विरुद्ध दिशेला सरकते, म्हणजे पाय एकीकडे पळतो आणि डोके दुसरीकडे कलते. असा खांब लागलाच तर तासलेला उतार कुंपणाच्या रेषेत ठेवा, आडवा नको. मग तो पळालाच तर रेषेतल्या रेषेत पळेल. आणखी एक गोष्ट: टोक जागेवर कुऱ्हाडीने नव्याने तासू नका. औषध बाहेरच्या थरात जास्त मुरलेले असते आणि तासल्यावर आतले कच्चे लाकूड ओल्या मातीत जाते.

मग डोके. वरचा काप काटकोनात नसेल तर घणाचा मार एका कडेवर बसतो आणि प्रत्येक ठोका खांबाला थोडा ढकलतो. काप तिरका असेल तर करवतीने नीट करून घ्या. कापलेली बाजू नेहमी वर राहील, जमिनीत कधीच नाही.

शेवटी बाक. झाड सरळ वाढले तरी लाकडात थोडा बाक राहतोच. खांब जमिनीवर आडवा ठेवून हलकेच लोळवा, बाक कुठे आहे ते कळते. तो बाक कुंपणाच्या रेषेच्या दिशेने ठेवायचा. शेताच्या टोकाला उभे राहून रेषेत पाहणाऱ्याला मग तो दिसतच नाही. हाच बाक रेषेच्या आडवा ठेवलात तर पाणसळीवर बिनचूक लागलेला खांबही दुरून वाकडा दिसेल. बाकदार खांबांना रंगाची खूण करून वेगळे काढा आणि मोक्याच्या जागी, म्हणजे गेटाजवळ किंवा रस्त्याकडेला, वापरू नका.

जमिनीचा वाफसा

ठोकण्याचे निम्मे यश तारखेवर अवलंबून आहे. आपल्याकडे पेरणीला वाफसा पाहतात तसाच तो खांब ठोकायलाही पाहावा लागतो. इथल्या चिकणमातीत उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन इतकी कडक होते की खांब जाण्याऐवजी त्याचे डोके फुटते. ऐन हिवाळ्यात जून-जुलैला तीच माती पाण्याने भरलेली असते, खांब लोण्यासारखा जातो आणि थोड्या वेळाने थोडा वर येतो, कारण दाबलेल्या पाण्याला जायला वाट नसते. त्याशिवाय ट्रॅक्टर रुततो, आणि रुतलेल्या ट्रॅक्टरवरचा मास्ट कधीच ओळंब्यात राहत नाही. शरद ऋतूतला पहिला चांगला पाऊस मुरल्यावर किंवा हिवाळा सरताना जमीन आटू लागल्यावर, या दोन वेळा मला सगळ्यात पटतात.

जमीन प्रदेशागणिक बदलते. वायकाटोतल्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीच्या, पट्ट्यात खांब वजनानेच आत जातो आणि तिथे जास्त लांब खांब वापरल्याशिवाय पकड मिळत नाही. कँटरबरीच्या मैदानात नद्यांनी आणून टाकलेला गोटा वरच्या थरापासूनच सुरू होतो आणि तिथे आधी लोखंडी सळईने वाट करून घ्यावी लागते. त्याबद्दल पुढे.

जागा ठरवण्याआधी जमिनीखाली काय आहे तेही विचारा. इथे बिफोर-यू-डिग ही सेवा विनामूल्य आहे. जागा कळवली की वीज, गॅस, दूरसंचार कंपन्या आपापल्या वाहिन्यांचे नकाशे पाठवतात. फार्मच्या आतले पाण्याचे पाइप मात्र कोणत्याच नकाशावर नसतात, ते मालकाला किंवा जुन्या कामगाराला विचारूनच कळतात. आणि शेजाऱ्याच्या हद्दीवरचे कुंपण असेल तर खांब उतरवण्याआधी त्याच्याशी बोला. १९७८ च्या फेन्सिंग ॲक्टप्रमाणे हद्दीवरच्या पुरेशा कुंपणाचा खर्च दोन्ही बाजूंनी निम्मा-निम्मा उचलायचा असतो. खांब ठोकून झाल्यावर काढलेला हा विषय गोडीने मिटत नाही.

ओळ धरणे

सरळ उभा असलेला खांब चुकीच्या जागी असेल तर कुंपण वाकडेच. म्हणून आधी दोन्ही टोकांचे स्ट्रेनर पक्के करायचे आणि त्यांच्यामध्ये एक तार ताणायची. सुतळीपेक्षा तार बरी, कारण वारा सुटला की लांब सुतळी पोट काढते आणि ते पोट तुमच्या खांबांच्या ओळीत उतरते. कुंपणाची सगळ्यात खालची तारच आधी ओढून घेतली तर वेगळी तार लागत नाही.

खांब तारेला टेकवून ठोकू नका. बोटभर अंतर सोडा. एक खांब तारेला जरा जरी ढकलू लागला तर पुढच्या सगळ्या खांबांची रेषा त्याच्यामुळे बदलते, आणि हे तुमच्या लक्षात येते तेव्हा आठ-दहा खांब झालेले असतात. प्रत्येक खांबानंतर तार बोटाने हलवून पाहा, ती मोकळी हलली पाहिजे.

जमीन सपाट असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकामागून एक ठोकत जायला हरकत नाही. चढ-उतार असेल तर आधी उंचवट्यांवरचे आणि खोलगटांतले खांब ठोका, मग मधले भरा. उंचवट्याच्या माथ्यावर तार जमिनीला घासते आणि पलीकडचे टोक दिसत नाही. माथ्यावरचा खांब दोन्ही बाजूंच्या टोकांशी नजरेने जुळवला की उरलेले काम सोपे होते.

खांबांमधले अंतर जनावरावर आणि जमिनीवर ठरते. मध्ये बॅटन म्हणजे हलक्या उभ्या पट्ट्या लावणार असाल तर ४ ते ५ मीटरवर खांब चालतो. अंतर मोजायला एक बांबू किंवा हलका पाइप कापून ठेवा, टेप दर वेळी उलगडण्यापेक्षा ते लवकर होते. जिथे खांब यायचा तिथे रंगाचा ठिपका टाकून मग ट्रॅक्टर आणा.

ट्रॅक्टर आणि मास्ट

रॅमर मागच्या थ्री पॉइंट लिंकेजवर बसतो. घण, मास्ट आणि सांगाडा धरून वजन सहज पाचशे किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे पुढच्या चाकांवर पुरेसे वजन लावलेले हवे. लोअर लिंकच्या चेक चेन, म्हणजे यंत्राला बाजूला झुलू न देणाऱ्या साखळ्या, घट्ट आवळा. इथे थोडी ढिलाई राहिली तर प्रत्येक ठोक्याला सगळे यंत्र डावी-उजवीकडे झुलते आणि तुम्ही मास्टला दोष देत बसता.

ट्रॅक्टर शक्यतो कुंपणाच्या रेषेला समांतर चालवा आणि प्रत्येक खांबाशी तितक्याच अंतरावर थांबवा. चाके एकदा आखलेल्या वाटेवर चालू लागली की दर खांबाला मास्टची हलवाहलव कमी लागते. थांबलात की हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, आणि मास्टचा पाय जमिनीवर टेकवा. पाय हवेत ठेवून ठोकले तर घणाचा हिसका लिंकेजवर येतो आणि मास्ट हलतो.

मग मास्ट ओळंब्यात आणा. बहुतेक यंत्रांवर बुडबुड्याची नळी बसवलेली असते, पण ती रोज सकाळी एकदा खऱ्या पाणसळीशी ताडून पाहा, कारण धक्क्यांनी ती हलते. मास्टला दोन हालचाली असतात, डावी-उजवी आणि पुढे-मागे. दोन्ही स्वतंत्र तपासायच्या. आणि उतारावर हे विसरू नका की खांब जमिनीशी काटकोनात नको, आभाळाकडे सरळ हवा. उतारावर डोळा फसतो, म्हणून तिथे अंदाजावर नव्हे तर ओळंब्यावर विश्वास ठेवा.

आधी हात, मग खांब

हा भाग ठोकण्याच्या आधी मुद्दाम घेतोय. रॅमरवर बोटे आणि हात गेलेली माणसे या देशातल्या प्रत्येक तालुक्यासारख्या गावात सापडतील. दोनशे ते तीनशे किलोंचा घण एक मीटरवरून पडतो तेव्हा, २५० किलो धरले तर, त्यात जवळजवळ २,४५० ज्यूल ऊर्जा असते. हाताने चालवायचा १० किलोंचा नळीचा रॅमर अर्धा मीटर उचलून आपटला तर ५० ज्यूलच्या आसपास. म्हणजे पन्नासपट. या माराखाली हातमोजा काहीच वाचवत नाही.

जो माणूस खांब उभा करतो त्यानेच लीव्हर चालवायचा, हा नियम कधी मोडू नका. एकाने खांब धरायचा आणि दुसऱ्याने घण सोडायचा, ही पद्धत घाईच्या दिवशी सोयीची वाटते आणि बहुतेक मोठे अपघात त्याच पद्धतीने होतात. धरणारा म्हणतो "थांब", सोडणारा इंजिनाच्या आवाजात ऐकतो "सोड". खांब धरायला यंत्राची चिमट वापरा, ती नसेल तर लांब दांड्याचा आकडा. सोबतीला असेल त्याने मास्टच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर उभे राहायचे.

घण वर असताना त्याच्याखाली कोणत्याही कारणाने हात घालायचा नाही. खांबाच्या डोक्यावरची यंत्राची टोपी सरकली, खांब अडकला, काहीही असो, आधी घण पूर्ण खाली टेकवा किंवा कुलपाची पिन लावा. सकाळी घणाची साखळी किंवा दोर, हायड्रॉलिक नळ्या आणि पीटीओचे, म्हणजे ट्रॅक्टरवरून यंत्राला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्याचे, झाकण पाहून घ्या. हेल्मेट, कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा आणि पोलादी टोकाचे बूट.

डोक्यावर पाहायलाही विसरू नका. मास्ट उभा केला की यंत्र विजेच्या तारांच्या उंचीला पोचू शकते. इथल्या नियमाप्रमाणे लेखी परवानगीशिवाय तारेपासून ४ मीटरच्या आत यंत्र न्यायचे नाही. एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाताना घण खाली आणि लांब जायचे असेल तर मास्टही आडवा. आडव्या उतारावर काम करताना रॅमरचे वजन चढाच्या बाजूला राहील असा ट्रॅक्टर उभा करा. वजन उताराकडे गेले तर उलटायला फार थोडी चूक पुरते.

पहिला फूट

आता खांब चिमटीत आहे, टोक रंगाच्या ठिपक्यावर आहे, मास्ट ओळंब्यात आहे. टोपी खांबाच्या डोक्यावर मधोमध बसवा. घणाच्या माराची रेषा खांबाच्या मध्यातून जाऊन टोकातून बाहेर पडली पाहिजे. एवढे जमले की खांब सरळ जायलाच बघतो. टोपी बोटभर एका बाजूला असेल तर प्रत्येक ठोका खांबाला विरुद्ध बाजूला लोटतो.

पहिल्यांदा घण उचलूच नका. तो खांबावर अलगद टेकवा आणि नुसते वजन पडू द्या. मऊ जमिनीत खांब एवढ्यानेच काही सेंटिमीटर जातो आणि टोकाला स्वतःची जागा सापडते. मग २०-३० सेंटिमीटर उंचीवरून दोन-तीन हलके ठोके. थांबा.

आता पाणसळ खांबाच्या दोन बाजूंना लावा, एकदा रेषेच्या दिशेने आणि एकदा तिच्या आडवी. गोल आणि निमुळत्या खांबावर पाणसळ थोडी फसवते, कारण खांब खाली बारीक आणि वर जाड असतो. म्हणून एका बाजूचा बुडबुडा पाहून निर्णय घेऊ नका. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना लावून पाहा, दोन्हीकडे बुडबुडा सारखाच बाहेर पडत असेल तर खांबाचा गाभा सरळ आहे. ज्यांना हे किचकट वाटते त्यांनी ओळंबा हाताच्या अंतरावर टांगून त्याच्या दोरीशी खांबाची मध्यरेषा जुळवावी. मला स्वतःला दोरी जास्त आवडते, तिच्यात शंकेला जागा नसते.

कलला असेल तर आत्ताच दुरुस्त करा. खांब ३० सेंटिमीटर आत असताना दीड मीटर बाहेर असतो. एका अंशाचा कल काढायला वरचे टोक अडीच सेंटिमीटर सरकवावे लागते आणि माती ते सहज होऊ देते. तोच कल शेवटी राहिला तर वर उरलेल्या ११० सेंटिमीटरवर तो जवळजवळ २ सेंटिमीटर दिसेल, आणि तेव्हा तो निघणार नाही. दुरुस्ती मास्टने करायची, खांदा लावून नव्हे. मास्ट हव्या त्या दिशेला थोडा न्या, एक हलका ठोका द्या, मास्ट परत ओळंब्यात आणा, पुन्हा पाहा. मास्ट तिकडेच ठेवून ठोकत राहिलात तर खांब पलीकडे कलून जातो.

खिळा पहिल्या ठोक्याला तिरका लागला की सुतार तो काढून पुन्हा लावतो, हातोडीने वळवत बसत नाही. इथेही पहिल्या फुटात दोनदा प्रयत्न करूनही खांब ऐकत नसेल तर बाहेर काढा आणि एका वीतभर बाजूला पुन्हा सुरू करा. वीतभर सरकलेले अंतर कोणालाही दिसत नाही, पण वाकडा खांब पुढची वीस वर्षे दिसतो.

खांब सरळ आहे याची खात्री झाली की मग उंची वाढवा. तरीही घण एकदम वरपर्यंत नेण्याची गरज नसते. जड घण कमी उंचीवरून पडलेला लाकडाला कमी फोडतो आणि जमिनीत जास्त नेतो. हलका घण उंचावरून पडला की उलटे होते. ठरलेल्या खोलीच्या साधारण निम्मे गेल्यावर आणखी एकदा पाणसळ लावा. शेवटचे १० सेंटिमीटर परत हलक्या ठोक्यांनी जा, कारण जास्त खोल गेलेला खांब वर काढता येत नाही. उंचीसाठी प्रत्येक खांबावर आधीच खूण करा, किंवा मोजपट्टी म्हणून एक काठी कापून जवळ ठेवा.

चार-पाच खांबांनंतर ओळीच्या टोकाशी जाऊन एक डोळा मिटून पाहा. यंत्राशेजारून न दिसलेली गोष्ट तिथून लगेच दिसते. टायर रुतत असतील तर मास्टही हळूहळू कलत असतो आणि सगळे खांब एकाच बाजूला सारखेच कललेले दिसतात. मग चूक खांबांची नसते, मास्ट पुन्हा लावा.

खांब पळू लागला तर

दगड लागला की आवाज बदलतो. मातीतला ठोका जाड आणि बंद असतो, दगडावरचा कोरडा. खांब घणाखाली किंचित उसळतो, कधी स्वतःभोवती फिरतो. अशा वेळी जोर वाढवणे हीच सगळ्यात मोठी चूक. टोक दगडावरून घसरते आणि खांब ज्या बाजूला जागा मिळेल तिकडे जातो, नाहीतर मध्येच चिरतो.

खांब काढताना लोडरला साखळी बांधून सरळ वर उचला, तिरका ओढू नका. मग त्याच जागी लोखंडी टोकदार सळई, जिला इथे स्पाइक म्हणतात, ती रॅमरनेच ठोका. छोटा दगड बाजूला होतो किंवा फुटतो. सळई यंत्रानेच वर काढा आणि त्या भोकात खांब सोडा. भोक खांबापेक्षा बारीकच हवे, दोन-तीन बोटे कमी. खांबाच्या जाडीचे भोक केले तर खड्डा खणल्यासारखेच झाले, पकड गेली. कडक कोरड्या मातीतही हाच उपाय, तिथे सळई वाट दाखवते आणि डोके फुटण्याचे वाचते. सळईसुद्धा पाणसळ लावूनच ठोकायची, कारण खांब तिच्याच वाटेने जाणार आहे. हे बरेच जण विसरतात.

मोठा खडक असेल तर हट्ट सोडा. खांबाची जागा बदला, किंवा तिथे बॅटनवर भागवा.

खोलगट आणि टोके

खोलगटातल्या खांबाला तारा वर उचलतात. तो ओळंब्यात ठोकला तरी तार ताणल्यावर दोन महिन्यांत वर येतो. तिथे लांब खांब घ्या आणि त्याच्या पायाला जमिनीत अडकवलेल्या आडव्या लाकडाशी किंवा जमिनीत रोवलेल्या लोखंडी अँकरशी तारेने बांधा. उंचवट्यावरच्या खांबाला उलट खाली दाब मिळतो, त्याची काळजी नको.

स्ट्रेनरही रॅमरने ठोकता येतो. तो मीटरभर खोल जायला हवा, म्हणून जमिनीत आधी सळईने वाट करणे बहुतेक ठिकाणी भाग पडते. हाच एक खांब आहे जो मुद्दाम पूर्ण ओळंब्यात ठोकत नाहीत. त्याला ताणाच्या विरुद्ध दिशेला दोन-तीन सेंटिमीटर मागे कललेला ठेवतात. २.५ मिमी जाडीची एक कडक तार दीडशे किलोंच्या आसपास ताणली जाते आणि आठ तारा म्हणजे बाराशे किलो. तेवढा भार आल्यावर स्ट्रेनर सरळ होतो. त्याला तिरका टेकू, इथल्या भाषेत स्टे, दिल्याशिवाय तारा ताणू नका.

तारा लावताना मधल्या खांबांवर स्टेपल, म्हणजे तार धरणारा दुटोकी खिळा, पूर्ण ठोकून तार चिमटू नका, ती सरकायला मोकळी हवी. उरलेले खांबांचे तुकडे मात्र शेकोटीत जाता कामा नयेत. त्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असते, आणि राख चाटलेली जनावरे मरतात.

आपल्या मातीत हे चालेल का

गावाकडच्या मित्रांचा हा प्रश्न नेहमी येतो. चालेल, पण सगळीकडे नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. त्या हालचालीत कोणताही उथळ खांब कलतो, ठोकलेला असो वा पुरलेला. अशा जमिनीत ७० सेंटिमीटर पुरत नाही, खांबाचा पाय भेगांच्या खाली, ओल टिकणाऱ्या थरात गेला पाहिजे. जिथे दोन फुटांवर मुरूम किंवा खडक लागतो तिथे ट्रॅक्टरचा खड्डे काढणारा ऑगर आणि सिमेंटचा खांब हेच सोयीचे.

लाकडाचाही प्रश्न आहे. निलगिरी किंवा बाभळीचा साधा खांब जमिनीच्या पातळीलाच कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे एकत्र मिळतात, आणि वाळवी वेगळीच. दाबाखाली औषध मुरवलेले खांब मिळत असतील तरच लाकडाच्या वाटेला जा. ठोकायची वेळ पावसाळा सरल्यावर, वाफसा आल्यावर, रब्बीची धांदल सुरू होण्याआधीची. रॅमर घेण्यापूर्वी तुमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट किती किलो उचलते ते पुस्तिकेत पाहा, त्यातून यंत्राचे वजन वजा करा, आणि पुढच्या चाकांवरचे वजन लावून एकदा शेतात उचलून पाहा. पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागत असेल तर ते यंत्र त्या ट्रॅक्टरसाठी नाही.